टाळ्याकडची कड

११ जानेवारी

खारूताई,

डब्यात तुझ्या तीन पेशंटच्या दातांच्या कॅप आहेत. पाठवायला उशीर झाला. अक्षर वाईट आलंय, समजून घे. उजव्या हाताला मशीनचं लागलंय, दोन बोटं बांधलेली आहेत. तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, याचा राग धरू नकोस. फोनवर माझा आवाज लागत नाही. इतकी वर्षं तू चिठ्ठी लिहून दातांची मापं पाठवतेस आणि मी कॅपबरोबर चिठ्ठी पाठवतो, तेच बरं.

अंत्यविधी करून तू गेलीस त्यानंतर शवविच्छेदनाचा कागद मिळाला. धाकट्याच्या अंगावर एकतीस जखमा आहेत. डावीकडच्या सहा बरगड्या तुटल्या, त्यातली एक फुप्फुसात घुसली. दोन्ही हात कोपराखाली मोडलेले, म्हणजे त्याने डोक्यावर हात धरले होते. कवटी मागून फुटलेली. 'बोथट, लांबट, लोखंडी वस्तू' असं लिहिलंय. मी तो कागद बऱ्याच वेळा वाचला. तू जशी दाताची लांबी, रंग, कड लिहितेस, तसंच सगळं क्रमाने लिहिलंय. शेवटची ओळ अशी आहे: वरचा उजवा पुढचा दात, नुसता खुंट, कॅप नाही, जागेवर सापडली नाही.

डिसेंबरात बांधकामावरची ती भिंत पडली आणि खाली दोन मजूर गेले, तेव्हापासून तो म्हणत होता की ठेकेदाराविरुद्ध जबाब देणार. साइटवर सुपरवायझर तोच, त्यामुळे सगळं त्याला माहीत. चार तारखेला तो जबाब देणार होता. तीन तारखेला संध्याकाळी सहाला, उजेड असताना, मिक्सरच्या मागे त्याला मारलं. चाळीस माणसं कामावर होती. कुणीच काही पाहिलं नाही.

सोमवारी ठेकेदार घरी आला. माझ्यासमोर बसला, डोळे पुसले. "दादा, माझा उजवा हात गेला," म्हणाला. मला सही करायला पोलीस ठाण्यात जायचं होतं. "चला, सोडतो," म्हणाला. मी त्याच्या जीपमध्ये पुढे बसलो. ड्रायव्हर गाडी चालवत होता, ठेकेदार मागे बसून कुणाला तरी विटांची ऑर्डर देत होता. मी रस्ताभर पायांकडे बघत होतो.

फौजदार कॅपची चौकशी करतोय. गेल्या मार्चमध्ये तू ती बसवलीस, ते कार्ड जपून ठेव.

दादा

१५ जानेवारी

दादा,

कार्ड आहे. कपाटाला कुलूप लावलंय.

मी पेशंटसमोर उभी असते आणि मध्येच हात थांबतो. काल एका बाईंनी तोंड उघडं ठेवूनच विचारलं, "डॉक्टर, काय झालं?" मी म्हटलं, मावसभाऊ गेला. त्या तशाच तोंड उघडं ठेवून रडायला लागल्या. मग मीच त्यांची समजूत काढली.

कॅप बसवायला तो आला होता तो दिवस मला पूर्ण आठवतो. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "दादाने मला सायकलवरून पाडून दात मोडला, दादानेच नवा केला, तू बसवणार. मला फक्त हसायचं काम ठेवलंय तुम्ही." आरसा दिला तर दात सोडून केसच बघत बसला. तुझ्या कॅपची कड अशी बसली होती की प्रोबचं टोक फिरवलं तर कुठे अडकलं नाही. दात कुठे संपतो आणि कॅप कुठे सुरू होते ते नखाला कळलं नसतं.

तू त्या माणसाच्या जीपमध्ये बसलास कसा? तू उतरून का गेला नाहीस? तू लहानपणापासून असाच आहेस, कुणी 'चला' म्हटलं की चालायला लागतोस.

हाताचं काय झालं? कॅप कापायच्या मिलिंग मशीनचं दार बंद असल्याशिवाय ते चालू होत नाही, मग बोटं आत गेली कशी? जखम सुजली असेल तर अंगावर काढू नकोस, डॉक्टरला दाखव.

खारूताई

२३ जानेवारी

खारूताई,

कॅप सापडली. जीपमध्ये पुढच्या सीटखाली, रबराच्या चटईच्या खाली. मीच फौजदाराला म्हटलं होतं, गाडी बघा, एवढी मारहाण करून माणूस गाडीतून कुठेतरी गेलाच असेल. ठेकेदाराला आणि जीपच्या ड्रायव्हरला शनिवारी आत घेतलं. ठेकेदार म्हणत होता की त्या दिवशी तो साइटवर नव्हताच. आता बोल म्हणावं.

फौजदार ती कॅप तुझ्याकडे पाठवतोय. तू बसवलीस म्हणून तुझा अहवाल लागेल. मी मशीनमधली तिच्या मापांची फाइल दिली आहे. कॅप फाइलशी जुळते, कड पूर्ण फिरून जुळते, वीस मायक्रॉनचाही फरक नाही. तू बघ आणि तसं लिही.

परवा तीन माणसं लॅबमध्ये आली. तोंडं झाकलेली. मला काही केलं नाही, एकाने नुसतं भिंतीला दाबून धरलं. दुसऱ्याने फळ्यांवरची मॉडेल खाली ओढली आणि तिसऱ्याने हातोडीने एकेक जबडा फोडला. घाई केली नाही. तुझ्या पेशंटचे सगळे जबडे गेले. पायाखाली दात वाजत होते. धाकट्याचं मॉडेल फौजदाराकडे होतं म्हणून वाचलं. जाताना एक जण म्हणाला, "हे प्लास्टरचे होते."

मी घाबरलो नाही, याचं मलाच नवल वाटलं. ते गेल्यावर भट्टी चालू केली. ती पंधराशे अंशांना जाते. कॅप आत टाकली की आकसते, पाचातला एक भाग कमी होतो, आणि लोखंडासारखी होते. मी तिच्यासमोर बसून विचार करत होतो की ठेकेदाराचा हात आत धरला तर किती वेळ लागेल. दार किती रुंद आहे ते पट्टीने मोजलं. मनगटापर्यंत जातो.

हाताला दोन टाके पडले. सूज होती. आता बरा आहे.

दादा

३० जानेवारी

खारूताई,

तुझं पत्र नाही. कॅप पोचली का? फौजदार अहवालाची वाट बघतोय.

इथे काल एक गोष्ट झाली. जीपचा ड्रायव्हर जामिनावर सुटला होता. पेट्रोल पंपावर साइटच्या मजुरांनी त्याला गाठलं. त्या दिवशी ज्यांनी काही पाहिलं नव्हतं तेच सगळे. कॅप तुझ्या गाडीत सापडली, म्हणजे तूच धरला होतास, असं म्हणत त्याला खाली पाडलं आणि फावड्याच्या दांड्यांनी मारलं. मी समोरच्या औषधाच्या दुकानात मलमपट्टी घ्यायला गेलो होतो. मी पाहिलं. तो उठायला बघायचा आणि त्याचा हनुवटीकडचा भाग वेगळाच हलत होता. पंपावरच्या माणसाने नळीने पाणी मारलं तेव्हा लोक पांगले.

मी पायरीवर उभा होतो. मला वाईट वाटलं नाही. हे तुला लिहितोय कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

त्याला तुमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात हलवलंय म्हणतात. तू मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे असतेस. तुझ्याकडे आला तर हात लावू नकोस.

दादा

४ फेब्रुवारी

दादा,

हात लावला. जबडा दोन ठिकाणी मोडला होता, वरचे पुढचे तीन दात मुळासकट गेले होते. दीड तास लागला. तारेने दोन्ही जबडे एकत्र बांधलेत, सहा आठवडे तोंड उघडता येणार नाही. काही हवं असेल तर पाटीवर लिहितो. शुद्धीवर आल्यावर पहिलं लिहिलं, "माझी गाडी कुठे आहे?" तो मारेकरी असेल, नसेलही. माझ्यासमोर आला तेव्हा तो मोडलेला जबडा होता. तू पायरीवर उभा होतास ते मी पुन्हा वाचणार नाही.

आता ज्यासाठी मी इतके दिवस पत्र लिहिलं नाही ते लिहिते.

कॅप आली. तुझ्याच हातची आहे, पाहता क्षणी ओळखली. रंग तोच, आकार तोच, आत सिमेंटही आहे. पण दादा, ही ती कॅप नाही.

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. गेल्या वर्षी तू हाताने काम करणं सोडून कॉम्प्युटरवर कॅप करायला लागलास, तेव्हापासून तुझ्या कॅपची कड दातापेक्षा जरा बाहेर येते. केसाच्या जाडीएवढी, पण येते. अशी सोडली तर तिथे घाण साठते, हिरडी सुजते. पहिल्यांदा मी तुला सांगायला फोन हातात घेतला होता. पण त्याच आठवड्यात तू लिहिलं होतंस, पंचवीस वर्षांत माझी एकही कॅप परत आली नाही. मला ते मोडवेना. तेव्हापासून मी प्रत्येक कॅप खुर्चीवरच बारीक घासते, पॉलिश करते, मग बसवते. कार्डावर लिहून ठेवते. धाकट्याच्या कार्डावरही लिहिलंय. तुझी कड प्रोबला अडकत नव्हती हे मी लिहिलं ते खरं होतं, फक्त ते घासल्यानंतरचं होतं.

जीपमध्ये सापडलेल्या कॅपची कड मशीनमधून आली तशी आहे, अख्खी. ती फाइलशी जुळते म्हणूनच ती धाकट्याच्या तोंडात कधी नव्हती.

तू अजून प्रत्येक कॅप दोनदा कापतोस ना? एखादीचा काठ उडाला तर दुसरी हाताशी असावी म्हणून? दुसरीचं तू काय करतोस?

अहवाल मी अजून दिलेला नाही.

खारूताई

८ फेब्रुवारी

खारूताई,

हो. मीच ठेवली. सोमवारी जीपमध्ये बसलो तेव्हा ती माझ्या खिशात होती. आत सिमेंट भरून, सुकवून, थोडं खरवडून ठेवलं होतं. ठेकेदार मागे विटांचा भाव करत होता तेव्हा मी वाकून बुटाची नाडी बांधली. तू विचारलंस ना, बसलास कसा. असा बसलो.

यात मी काय वाईट केलं ते मला सांग. मारलं त्यानेच. साइटवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. आपला धाकटा हात डोक्यावर धरून पडला होता आणि ते मारत होते, आणि चाळीस माणसं सिमेंट कालवत होती. चाळीस तोंडं बंद, तर एक दात बोलला म्हणून काय बिघडलं? खोटं एवढंच आहे की तो दात दुसरा होता.

घासण्याचा मला राग नाही. टाळ्याकडची कड, तीही डावीकडची अर्धीच, आणि इतकी सफाईने की भिंगाखाली धरल्याशिवाय कळत नाही. तुझा हात चांगला आहे. मला सांगितलं असतंस तरी चाललं असतं. पण ते राहू दे. फौजदाराला यातलं काही कळत नाही. तुझ्या कार्डावर काय लिहिलंय ते तू दाखवलंस तरच कुणी बघेल. कॅप जुळते एवढं लिही. एक ओळ.

तो सुटला तर मी त्याला मारीन. हे मी रागाने लिहीत नाही. भट्टीचं दार मी मोजलेलं आहे.

दादा

१३ फेब्रुवारी

दादा,

कड कुठे घासली ते मी तुला लिहिलं नव्हतं.

माझं पत्र मला आठवतं. 'घासली' एवढंच लिहिलं होतं. टाळ्याकडची, डावीकडची अर्धी, हे माझ्या कार्डावर आहे, आणि कार्ड कुलपात आहे. त्याशिवाय ते दिसतं फक्त धाकट्याच्या खऱ्या कॅपवर. ती भिंगाखाली धरल्याशिवाय कळत नाही हे तूच लिहिलंस.

ती कॅप तुझ्याकडे कशी आली?

उत्तर मला बहुतेक माहीत आहे, कारण ड्रायव्हरने काल पाटीवर लिहायला सुरुवात केली. पाटी पुरेना म्हणून मी वही दिली. चार पानं लिहिली. मी जसंच्या तसं उतरवते.

'मालकाने मला जीप मिक्सरमागे लावायला सांगितली. सुपरवायझर स्वतः चालत आला. त्याला दोघांनी धरलं तेव्हाच त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, ओठ फुटला होता, पुढच्या दाताच्या जागी खुंट होता. मालक हसला. म्हणाला, कुणीतरी आधीच सुरुवात करून ठेवलीय. मग पाइप घेतला. पहिला फटका मालकाने मारला, पायावर. पडल्यावर तिघांनी मारलं. सुपरवायझर एकदाच ओरडला, नंतर नुसता आवाज येत होता. पाइप मी पाण्याच्या हौदात टाकला. मला सांगितलं म्हणून टाकला.'

त्याला हे कोर्टात सांगायचंय. मार खाण्याच्या आधीच ठरवलं होतं म्हणतो, पंपावरून तो फौजदाराकडेच निघाला होता. चाळिसातला एक बोलणार होता, दादा. तुझ्या कॅपने त्याचा जबडा मोडला.

आता नीट ऐक. तो म्हणतो, दात आधीच नव्हता. सापडलेली कॅप म्हणते, दात मारताना पडला. मी 'जुळते' लिहिलं तर ठेकेदाराचा वकील पहिल्या दिवशी ड्रायव्हरला खोटा ठरवेल. मी 'जुळत नाही' लिहिलं आणि कॅप कुणी ठेवली ते कुणालाच माहीत नाही असं राहिलं, तर वकील म्हणेल पोलिसांनीच ठेवली, आणि हौदातला पाइपही त्यांनीच ठेवला. दोन्हीकडून तो सुटतो. त्याला अडकवणारा एकच रस्ता आहे आणि तो तुझ्यावरून जातो.

मशीनचं दार बंद झाल्याशिवाय ते चालू होत नाही. मी पहिल्याच पत्रात विचारलं होतं, तू उत्तर दिलं नाहीस. मुठीवर दोन बोटांच्या मुळाशी झालेली, चिघळणारी जखम मी दरमहा बघते. ती मशीनची नसते. दाताची असते.

सोमवारी मी अहवाल देणार. त्यात लिहीन की ही कॅप मी बसवलेली नाही. खरी कुठे आहे ते मी लिहिणार नाही. ते तू सांगायचं.

खारूताई

१७ फेब्रुवारी

खारूताई,

तीन तारखेला चारच्या सुमारास धाकटा लॅबमध्ये आला. उद्या जबाब देतोय म्हणाला. मी म्हटलं, देऊ नकोस, ती माणसं बरी नाहीत. तो म्हणाला, "दोन माणसं गाडली गेली, दादा." मी म्हटलं, त्यांना तू गाडलं नाहीस. तो मशीनकडे बघत म्हणाला, "तू आयुष्यभर केसाएवढी फट बुजवत बसलास. ती भिंत बोटभर बाहेर गेली होती, मी रोज बघत होतो. आता गप्प बसू?"

मी म्हटलं, बस. तो म्हणाला, "तू भित्रा आहेस. मला लहानपणापासून माहीत आहे, मी कुणाला सांगत नाही."

मी त्याला मारलं. त्याला थांबवायला, त्याच्या भल्यासाठी मारलं असं मी महिनाभर स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. मला राग आला होता. आणि एकदा नाही, दोनदा मारलं. पहिल्या ठोशात त्याचा ओठ फुटला. त्याने हात वर केला नाही. तो माझ्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याच बघण्याचा राग येऊन मी दुसरा मारला, सगळ्या अंगाने. माझ्या मुठीत दात रुतला. कॅप उडून स्टीलच्या ट्रेवर पडली, तिचा आवाज आला.

त्याने जिभेने खुंट चाचपला. मग हसला. त्याचे सगळे दात लाल झाले होते. म्हणाला, "दादा, तुझं काम तूच काढलंस." रुमाल तोंडाला लावला. "जबाब झाला की खारूताईकडे जाऊन बसवून घेतो. जपून ठेव." आणि गेला. दार हळू लावलं. मी मागे गेलो नाही.

मी कॅप उचलली, रक्त धुतलं, आणि सवयीने भिंगाखाली धरली. तेव्हा मला तुझं घासणं दिसलं. तो बाहेर पडून दहा मिनिटंही झाली नव्हती आणि मी कड फिरवून फिरवून बघत होतो. मग मशीनमधली फाइल उघडली. कुठे चुकलं, स्कॅनमध्ये की कापणाऱ्या बरची झीज धरायला विसरलो की भट्टीत, ते शोधत बसलो. फाइलमध्येच कड केसभर बाहेर आखली जात होती. ते सापडलं तेव्हा मला बरं वाटलं. घड्याळात साडेसहा झाले होते. बाहेर कुणीतरी धावत येत होतं.

त्याला मारत होते तेव्हा मी काय करत होतो, ते हे.

खरी ठेवली असती तर फाइलशी जुळली नसती, म्हणून मी जोडीतली दुसरी ठेवली. मला वाटलं, जी जास्त बरोबर आहे तीच लोक खरी मानतील. आणि दुसरं कारण, 'जपून ठेव' म्हणाला होता.

ड्रायव्हरच्या वहीत लिहिलंय की मालक हसला, कुणीतरी आधीच सुरुवात केलीय म्हणाला. ते वाक्य मी वाचून ठेवलंय. त्यात खोटं काही नाही.

उद्या सकाळी फौजदाराकडे जातोय. कॅप बरोबर नेतोय. हाताचे टाके दाखवीन.

दादा

२८ मार्च

दादा,

तू घरी आलास हे मावशीकडून कळलं. एकोणतीस दिवस आत ठेवून सोडलं म्हणाली. कुणी तुला मारलं का हे तिने विचारलं नाही, मीही विचारत नाही. खोटा पुरावा ठेवल्याबद्दल तुझ्यावर खटला चालेल तो चालेल. मी येईन. खऱ्या कॅपबद्दल मला जे सांगायचंय ते सांगीन, आणि तू विचारलंस तर तुझ्या शेजारी बसेन.

पाइप हौदात सापडला. ड्रायव्हरने सांगितलं त्याच कोपऱ्यात. पंधरा तारखेला तारा काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याने न्यायाधीशांसमोर दोन तास जबाब दिला. तोंड बोटभरच उघडत होतं, शब्द नीट येत नव्हते, पण वही वाचून दाखवू का विचारलं तर नको म्हणाला. ठेकेदाराचा वकील उठला आणि म्हणाला, दात आधीच पडला होता हे तुला कुणी शिकवलं? तेव्हा फौजदाराने तुझा जबाब आणि माझं कार्ड पुढे ठेवलं. वकील खाली बसला. आता त्या तिघांपैकी दोघे एकमेकांवर ढकलायला लागलेत, आणि साइटवरच्या सात जणांना अचानक आठवायला लागलंय.

ड्रायव्हरला तीन दात हवेत. शेजारच्या दातांच्या आधाराने एकत्र जोडलेल्या कॅप बसवाव्या लागतील. मी त्याला विचारलं की माझा भाऊ करेल, चालेल का? आधी सांगितलं की कोण भाऊ. तो उठून गेला. दोन दिवस आलाच नाही. शुक्रवारी आला, पाटी मागितली, बोलता येत असताना. लिहिलं, 'कड नीट बसव म्हणावं. मला थंड पाणी झोंबतं.'

स्कॅन पाठवते आहे.

खारूताई

९ एप्रिल

खारूताई,

डब्यात ड्रायव्हरचे दात आहेत. रंग तू लिहिलास त्याहून अर्धी छटा गडद केला, तो बिड्या ओढतो असं मला आठवतं. जीपमध्ये वास येत होता.

फाइलमधली कड आत घेतली, नवा बर लावला. स्कॅन तीनदा तपासला. भट्टीतून काढल्यावर कड भिंगाखाली पूर्ण फिरून बघितली, टाळ्याकडची दोनदा. मला बरोबर वाटते. पण मला बरोबर वाटणं म्हणजे काय ते आता तुलाही माहीत आहे.

एकच कापली आहे. जोडीला दुसरी नाही, पुन्हा कधी नसेल. काठ उडाला तर उडाला.

घासू नकोस. प्रोब जरा जरी अडकला तरी तशीच डब्यात घालून परत पाठव, आणि कुठे अडकला ते लिही.

दादा